घरी सोडलेले

दुपारचे चार वाजले होते आणि आजचं काम हातावेगळं झाल्यातच जमा होतं. इस्पितळाच्या तळघरात प्रोग्रामर एकटाच बसला होता. रुग्णांच्या नोंदींचं जुनं सॉफ्टवेअर तो नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे नव्या तयार सांगाड्यावर, आणत होता आणि आज पहिलाच वॉर्ड, अतिदक्षता विभाग, त्यावर चढवला होता. डेटाबेसला जोडणारा भाग मात्र त्यानं जशाच्या तसा उचलून ठेवला होता. चालतंय ना, मग कशाला हात लावा! आधीच्या माणसाची पद्धत अशी, की रुग्ण दाखल झाला की डेटाबेसपर्यंत त्याच्या नावाची वाट, म्हणजे कनेक्शन, उघडायचं आणि घरी सोडलं की बंद करायचं. नव्या फ्रेमवर्कमध्ये कनेक्शनं मोजून वीस. एक सुटेल तेव्हा दुसऱ्याला मिळणार, तोवर त्याची माहिती स्क्रीनवर येणार नाही.

त्या वॉर्डात त्याची बायकोही होती. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण इथे बसलं की आपण तिच्या वॉर्डाच्या खालीच आहोत, एवढाच त्याला आधार वाटे.

टेबलावरचा फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर बोलत होती.

"दादा, डॉक्टरांनी वहिनींचा डोस बदललाय, पण माझ्या स्क्रीनवर ऑर्डरच येत नाहीये. किती द्यायचं ते दिसल्याशिवाय कसं देऊ? डॉक्टर ऑपरेशनला आत गेलेत. लवकर बघा हो... बीपी उतरतंय."

"फोन ठेवू नका," म्हणत त्यानं यादी उघडली. वीसच्या वीस कनेक्शनं अडलेली आणि वॉर्डातल्या बाकीच्यांसोबत बायकोचं नाव बाहेर रांगेत ताटकळलेलं. वॉर्डात तर आत्ता सहाच रुग्ण होते! त्यानं एकेक फाईल काढली. वीसही जणांच्या फायलीत शेवटची ओळ तीच होती: मृत्यू. कुणी चार वर्षांपूर्वीचं, कुणी नऊ. माणूस घरी न जाता मेला तर काय करायचं, हे त्या जुन्या कोडमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

पण ही कनेक्शनं जुनी राहून गेलेली नव्हती, आजच उघडलेली होती. प्रत्येक जण दर मिनिटाला आपलीच फाईल उघडून एकच रकाना वाचत होता: घरी सोडल्याची तारीख.

त्यानं कनेक्शनं तोडली, ती परत आली. पुन्हा तोडली, पुन्हा आली. स्पिरिटचा उग्र वास आला. खुर्चीच्या मागे अनवाणी पावलं घासत सरकली, अगदी जवळ. मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

"बीपी आणखी खाली आलंय, दादा..."

"जा ना रे बाबांनो," तो रडकुंडीला येऊन पुटपुटला. "ती मरेल. जा घरी..."

तसा तो थांबला. विसांच्याही फायलीत त्यानं लिहिलं: घरी सोडले, आजची तारीख. फ्रेमवर्कनं ते नाकारलं. पत्ता भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं आणि जुन्या नोंदींत पत्तेच नव्हते. चाचणी घेताना तो नेहमी करायचा तेच त्याच्या बोटांनी केलं. स्वतःच्या घरचा पत्ता टाकला. बायकोचं नाव त्यात नाही ना, हे दोनदा तपासलं आणि बटण दाबलं.

मागे लिफ्टचं दार उघडलं. पावलं हळूहळू तिकडे गेली. यादीतलं एकेक नाव पुसलं जात होतं.

"आली ऑर्डर!" सिस्टर ओरडली. थोड्या वेळानं म्हणाली, "दिलं इंजेक्शन. बीपी वर येतंय. शांत झोपल्यात. त्यांचा हात माझ्याच हातात आहे."

तो ढसाढसा रडला. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. घरून आई होती.

"अरे, कुणाला पत्ता दिलायस का आपला? दाराबाहेर माणसं उभी आहेत, वीसेक तरी असतील. बोलत काहीच नाहीत... सगळ्यांच्या मनगटाला इस्पितळाची पट्टी आहे बघ."

"आई, दार उघडू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"असं कसं? सगळ्यांच्या पुढे सूनबाई उभी आहे आपली, इस्पितळातून सोडलं वाटतं. किती थकलीय रे पोर..."

टेबलावरच्या फोनमधून सिस्टरचा आवाज आला, आता अगदी हलका.

"दादा, वहिनी झोपेत काहीतरी बोलतायत... 'आई, दार उघडा,' असं म्हणतायत."