मैदान खेळण्याजोगं आहे का?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी थॉर्नबेक टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानावर, बरोब्बर गोलपोस्टसमोर, रबरी बूट घातलेला एक अनोळखी माणूस उभा दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

त्या तुकड्यावरचं गवत मी उन्हाळ्यापासून जिवापाड जपलं होतं. बाबांची पाठ धरल्यापासून मैदान माझ्याकडे आलं होतं, आणि मैदान म्हणजे क्लबचा अर्धा जीव. मी शेडच्या दारातूनच ओरडले, की तिथून आधी बाजूला व्हा. तो वळला. टोपीवरून ओघळणारा पाऊस त्याच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब थेंब जमत होता.

"मी रॉबिन टॅटरसॉल," तो म्हणाला. "लीगनं पाठवलंय. आज सामना होईल की नाही ते बघायला."

मग त्यानं काखेतला चेंडू डोक्याएवढा वर धरला आणि सोडला. चेंडू खाली आला आणि... बसला. जेवायला आलेला पाहुणा खुर्चीत बसतो तसा, उठायचं नावच नाही.

रॉबिननं माझ्याकडे पाहिलं. सामना रद्द झाला म्हणून इतका ओशाळलेला रेफरी मी कधी पाहिला नव्हता.

तो हिवाळा असाच गेला. पाऊस मुक्कामालाच आला होता. आमचा क्लब लीगच्या गुणतक्त्याच्या तळाशी. गोल करणारा एकुलता एक खेळाडू गुडघा धरून घरी बसलेला. मॅनेजर बॅरी हॉलिवेल खिडकीतून आभाळाकडे बघत राहायचे, जणू तेही विरुद्ध टीमकडून खेळत होतं. आणि एक आड एक शनिवारी, आठच्या ठोक्याला, रॉबिन यायचा. टेकडीपलीकडच्या बेकरीत तो पाव भाजायचा, पहाटेचं काम उरकून तसाच निघायचा. त्याच्या बाह्यांवर पीठ असायचं आणि पावसात त्या पिठाची कणीक व्हायची. कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेला एक गरम बन असायचा. पहिल्यांदा त्यानं तो मला अर्धा दिला. जानेवारीपर्यंत दोन बन यायला लागले.

आम्ही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालायचो. दहा पावलांवर तो चेंडू सोडायचा, चेंडू बसायचा, आम्ही पुढे जायचो. दहा मिनिटांचं काम, पण दर खेपेला ते जरा लांबतच गेलं. एकदा त्यानं विचारलं, की उत्तरेचा कोपरा इतका ओला का असतो. मी सांगितलं, की गवताखाली एक जुना ओढा आहे, कान लावला तर वाहताना ऐकू येतो.

तो खरंच गुडघ्यावर बसला. ओल्या गवताला कान लावून त्यानं डोळे मिटले. त्याच्या पापण्यांवर पावसाचे बारीक मणी होते... मी ते मोजत होते, आणि मोजताना सारखी चुकत होते.

"येतोय ऐकू," तो हळूच म्हणाला.

तिथं काहीही ऐकू येत नाही. मी लहान असताना बाबांनी मारलेली ती थाप होती. पण त्या सकाळी मीही त्याच्या शेजारी बसले, कान लावला, आणि मलाही ऐकू आलं.

चहाच्या टपरीवरच्या डोरीनबाईंनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. चहा देताना त्या म्हणाल्या, "ब्रायोनी, यंदा या मैदानावर तेवढं एकच काय ते नीट चाललंय."

मी हसून उडवून लावलं. पण खरी गोष्ट सांगायची तर, शुक्रवारी संध्याकाळी मी आभाळाकडे बघून पाऊस मागायला लागले होते. मैदान राखणारी बाई पाऊस मागते! स्वतःचीच लाज वाटायची. प्रत्येक रद्द सामना पुढे कधीतरी खेळावा लागणार होता, आणि थकलेले पाय आमच्याच मुलांचे होते.

एप्रिल आला आणि पाऊस थांबला. आता दोनच सामने उरले होते. शनिवारचा हरलो तर थेट खालच्या लीगमध्ये. तीन खेळाडू जखमी, दोघांवर बंदी. शुक्रवारी बॅरी शेडमध्ये आले, दार लोटलं आणि माझ्याकडे न बघता बोलले. सामना चार दिवस जरी पुढे गेला तरी निम्मे खेळाडू उभे राहतील. पहाटे गोलसमोर पाइप सोडून ठेव. बाकी लीगला फोन मी करतो.

"तुझ्या बाबांनी केलं असतं, पोरी," ते म्हणाले.

बाबांनी केलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी केलं. उजाडताना गोलसमोर पाणी पसरत गेलं, त्यात गुलाबी आभाळ उतरलं. इतकं सुंदर दिसत होतं, की मला रडू आलं.

आठला रॉबिन आला. वरती निरभ्र निळं आभाळ. त्यानं चेंडू सोडला. चेंडू बसला. तो वाकला, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि वर आभाळाकडे पाहिलं.

"पाइप फुटला का?" त्यानं विचारलं.

इतक्या हळू, इतक्या मायेनं विचारलं... तो मला पळायला दार उघडून देत होता. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. क्लब वाचला असता कदाचित, आणि आम्हीही.

"नाही," मी म्हणाले. "मी सोडला."

त्यानं टोपी काढली, परत घातली. मग कोट काढून गोलपोस्टवर टाकला आणि म्हणाला, "माती टोचायचे काटे कुठं आहेत? तीन वाजायला सात तास आहेत."

आम्ही सहा तास ती जमीन टोचली, स्पंजनं पाणी टिपलं, वाळू पसरली. बॅरी दारातून बघून निघून गेले. दुपारी रॉबिननं चेंडू सोडला तेव्हा तो छान उसळला. कुणी पाणी सोडलं हे त्यानं लीगला कळवलं नाही. मैदान तयार आहे, एवढंच लिहिलं. निघताना माझ्याशी बोलला नाही, फक्त मान हलवली.

आमची मुलं जीव तोडून खेळली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या टीमच्या खेळाडूनं मारलेला चेंडू गोलसमोर, आम्ही वाळवलेल्या त्याच जागी, उसळला आणि गोलकीपरच्या हातावरून आत गेला. एक–शून्य. थॉर्नबेक टाउन खाली गेलं. लोक उठले नाहीत, बसूनच टाळ्या वाजवत राहिले.

शेवटच्या सामन्याआधी पुन्हा पाऊस पडला. मी सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून होते. आला तो साठीचा एक गृहस्थ. त्यानं चेंडू सोडला, कागदावर सही केली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, की टॅटरसॉलनं या मैदानावरून आपलं नाव स्वतःच काढून घेतलंय.

मला काय ते कळलं. खोटेपणा करणाऱ्या बाईच्या मैदानावर तो कशाला येईल? मी उरलेला दिवस शेडमध्ये रिकाम्या हातांनी काढला.

मे महिन्यात बॅरी बियांचं पोतं घेऊन आले. "खालच्या लीगलाही गवत लागतं," म्हणाले, आणि पोतं खाली ठेवून जरा थांबले. "मी तुला ते सांगायला नको होतं, पोरी." एवढ्यावर आमचं मिटलं.

मी बी पेरत होते तेव्हा फाटक वाजलं. रॉबिन होता. स्वच्छ शर्ट, पीठ कुठंच नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, की मी रागावले आहे का.

"मी? नाव तर तू काढून घेतलंस."

"घ्यावंच लागलं." तो बोटांशी खेळत होता. "दर हंगामाच्या शेवटी लीग एक अर्ज पाठवते. त्यात विचारतात, कुठल्या क्लबशी तुमचं नातं आहे का... असेल तर तिथं पाठवत नाहीत. त्या सकाळी तू खरं बोललीस ना, तेव्हा मी पार विरघळलो. नंतर तुझ्या मैदानाचा निकाल मी कधीच नीट दिला नसता."

"मग काय लिहिलंस?"

तो लाल झाला, अगदी कानांपर्यंत.

"थॉर्नबेक टाउन. नातं... अजून नाही. पण माझ्या बाजूनं आहे."

वारा बियांवरून हलकेच फिरत होता. मला खूप काही बोलायचं होतं, पण ओठांवर फक्त हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी. मी त्याचा हात धरला आणि त्यात मूठभर बी ओतलं.

"पुढच्या वर्षीच्या अर्जात," मी म्हणाले, "'अजून नाही' लिहू नकोस. आणि 'माझ्या बाजूनं'च्या जागी 'दोन्ही बाजूंनी' लिही."