मागितलेलं आणि सोबत आलेलं

दमयंती खोतने सकाळच्या भरतीला एक अवाढव्य मालवाहू जहाज बंदरात अलगद आणून लावलं, त्याच्या कोरियन कप्तानाशी त्याच्याच भाषेत थट्टामस्करीही केली, आणि धक्क्यावर उतरून कानामागची कळ दाबली, तेव्हा तिला कळलं की यातलं तिला काहीच येत नाही.

"एकही संच बसवलेला नाही," कारभारी शांतपणे म्हणाला.

कारभारी म्हणजे तिच्या कानामागे बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या यंत्रातला एक प्रोग्रॅम. त्या काळी नवं काही शिकायला वर्षं घालवावी लागत नसत. भाषा, पोहणं, जहाज हाकणं, सगळं 'संच' म्हणून मिळे आणि मेंदूशी जोडलेल्या या यंत्रात बसे. मात्र संच सहसा एकटा येत नसे. जहाज हाकायचं तर वाऱ्याचा अंदाज हवा, त्यासाठी झटपट गणित हवं, आणि ऐन वेळी हात कापू नयेत म्हणून भीती आवरणारा संचही हवा. कोणता संच कोणाच्या आधारावर उभा आहे आणि कोणता आता बिनकामाचा झाला, याच्या नोंदी कारभारी ठेवी. आदल्या संध्याकाळी दमयंती यंत्र चार्ज करत पडली होती आणि कारभारी नोंदी नव्या करत होता. तेवढ्यात घराजवळच्या खांबावर वीज कोसळली, यंत्र मध्येच बंद पडलं आणि नोंदी पुसल्या गेल्या.

दुपारी ती रत्नागिरीला डॉ. फरीदा मुकादमांकडे गेली. बिघडलेली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. सोबत नवरा, विश्राम, होता. तो बाहेर बाकावर बसला.

"नोंदी नाहीत, तर मला सगळं येतं कसं?" दमयंतीने विचारलं. घाबरण्यापेक्षा तिला या प्रकाराची गंमतच जास्त वाटत होती.

"स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्यात, असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "मीठ मीठच आहे, साखर साखरच. पण कारभाऱ्याला वाटतंय, फडताळ रिकामं आहे. पुढच्या वेळी तो मिठाच्या डब्यात साखर ओतेल. तेव्हा तुम्ही जहाजावर असाल."

"नोंदींची जुनी प्रत असेल ना?"

"होती. सकाळी यंत्र चालू होताच कारभाऱ्याने नेमाप्रमाणे नवी प्रत काढली. रिकाम्या नोंदींची. जुनीच्याच जागी."

दमयंतीला हसू आवरेना. "भलताच शिस्तीचा आहे हो!"

"आता एकच उपाय. एकेक डबा उघडायचा, आत काय आहे ते पाहायचं आणि चिठ्ठी नव्याने लावायची."

प्रत्येक संचाच्या पोटात तो बनवणाऱ्याची खूण असते. डॉक्टरांचं यंत्र त्या खुणा हुडकू लागलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर नावं उमटू लागली. कोरियन भाषा. भरती-ओहोटी. वाऱ्याचा अंदाज. थंड पाण्यात श्वास धरणं.

"हे कधी घेतलं मी?"

"पोहण्यासोबत आलं असेल. आणि इथेच आमचं घोडं अडतं. डब्यात काय आहे ते डबा सांगतो. तो का आणला होता, हे फक्त नोंदीत असतं. तुम्ही मागून घेतलेल्या संचाला कारभारी हात लावत नाही. सोबत आलेल्यावर काही उभं नसेल, तर साफसफाईत तो काढून टाकतो. तेव्हा मागितलेलं कोणतं आणि सोबत आलेलं कोणतं, ते तुम्हीच सांगायचं."

दमयंती भराभर सांगत गेली. मग पडद्यावर नाव आलं: 'ओढ'.

"हे काय?"

"एखाद्या माणसाची ओढ टिकवून धरणारा संच. नवी ओढ लावत नाही, असलेली विरू देत नाही. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांना सफरीच्या संचासोबत मिळायचा. काही जण मागूनही घ्यायचे."

तरुणपणी दमयंती महिनोन्‌महिने समुद्रावर असे. सफरीचा संच तिने केव्हाच काढला होता, पण साफसफाई कधी करवली नव्हती. 'ओढ' तिने मागितली होती का? काही केल्या आठवेना.

"आता त्याच्यावर काय उभं आहे?"

डॉक्टरांनी तपासलं. "संच तरी कुठलाच नाही."

"मग काढून बघू. नाही करमलं तर परत बसवू."

"बसवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण दमयंतीताई, काढल्यावर तो परत हवासा वाटायला तोच लागतो."

ती उठून बाहेर गेली. विश्राम लगबगीने उभा राहिला. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी कधी तुझ्याजवळ याबद्दल बोलले होते?"

"नाही." तो खाली बघत राहिला. "माझ्यात आहे, हे माहीत आहे. मी मागून घेतला होता. तू दक्षिणेच्या सफरीवर होतीस तेव्हा."

"का?"

"तुझी वाट बघणं कमी व्हायला लागलं होतं. घरी परत आलीस आणि मी नुसताच दारात उभा असलो तर, याची भीती वाटली."

"तेव्हाच सांगायचंस की."

"काय सांगणार? संच बसला आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

तिला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी इतकी माया दाटून आली की ती त्याच्या दंडाला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत जाऊन म्हणाली, "मागितलेला. तसंच लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. पडद्यावर सगळ्या नोंदी जुळल्या.

"डॉक्टर, ज्यांच्यात हा संच निघतो, ते काय सांगतात?"

"हेच."

"सगळेच?"

"आजवर तरी सगळेच." डॉक्टर पडदा बंद करत होत्या. "गेल्या वर्षी एक बाई आली होती. हातावर नवऱ्याने मारल्याचे वळ होते. हा संच काढता यावा म्हणून तिच्या माहेरच्यांनी तिचं यंत्र उघडायला लावलं होतं. तीही म्हणाली, मीच मागितला."

"आणि तुम्ही लिहिलंत?"

"माणूस स्वतः सांगेल तेच लिहायचं, असा नियम आहे. त्या वेळी सांगत कोण होतं, ती की तिच्यातला संच, ते ओळखण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही."

दमयंती बाहेर आली. तिला पाहून विश्रामचा चेहरा उजळला, आणि तिलाही आत कुठेतरी बरं वाटलं, रोज वाटायचं तसंच. हे कोणाला वाटतंय, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर ताबडतोब आलं, "मलाच की!" आणि ते इतकं ताबडतोब आलं, म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसेना.