ठकीला धाप लागते

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी मी आकृत्या काढते. हृदय, बेडूक, दात. ‘दात काढायचे पैसे मिळणारी ही एकटीच,’ असं माझा नवरा पाहुण्यांना सांगायचा. तो स्वतः कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. आमची ठकी, एकुलती एक, आजारी पडली आणि तिला जिना चढणंही जमेना, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी एक व्हिडिओ गेम बनवायला घेतला.

“त्यात मी असू दे,” ती म्हणाली. “पण आत्ताची नको हं. गालवाली.”

म्हणून गालवाली काढली. खाली दिवा असलेल्या काचेवर एका कागदावर दुसरा ठेवायचा. खालचं चित्र वर दिसतं, त्याच्यापेक्षा पाऊल जरासं पुढे काढायचं. मग सगळी चित्रं स्कॅन करायची. ती भराभर बदलली की पोरगी धावायला लागते. चालणं, धावणं, उडी आणि पापणी लवणं, एवढंच मी काढलं. दमलेली ठकी काढली नाही. कशाला काढू? खरी समोर होती की.

तिला तो गेम एकदाच खेळता आला, तोही उशीला टेकून. मग ठकी गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी नवरा गेम सुरू करायचा आणि न खेळता नुसता बघत बसायचा. मीही शेजारी बसायचे. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय! पण तेवढी धडधाकट ठकी आमच्याजवळ उरली होती, आणि ती मला हवी होती.

एका संध्याकाळी ती गेममधल्या जिन्यात मध्येच थांबली. तिनं भिंतीला हात टेकला. खांदे वर-खाली होत होते.

“हे कधी काढलंस?” नवऱ्यानं विचारलं.

“मी नाही काढलं.”

त्यानं प्रोग्राम तपासला, मी कागदांचा गठ्ठा उपसला. भिंतीला टेकलेला हात कुठेच नव्हता. रेघ मात्र माझीच होती, वळताना जरा जास्त दाबली जाणारी. काहीतरी बिघाड असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि जेवायला बसलो.

मग गाल उतरले. मला मापून काढायची सवय, म्हणून पडद्यावर पट्टी लावून बघितलं. खरंच उतरले होते. मी नवी ठकी काढली, आधीपेक्षा गुटगुटीत. ती उड्या मारत आली, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच जिना, तीच भिंत.

“बंद करूया हे,” नवरा म्हणाला. “एकदा बघितलंय मी सगळं. पुन्हा नाही गं बघवणार.”

“आणि तिला आत एकटीला ठेवायचं?”

मी काचेवर कोरा कागद घेतला. खाट काढली, उशी काढली, पांघरूण घेऊन आमच्याकडे तोंड करून निजलेली ठकी काढली. निदान पडायला तरी जागा हवी.

ते चित्र स्कॅन व्हायच्या आत त्यानं भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा झाला, काचेखालचा दिवाही विझला. तो ओक्साबोक्शी रडत होता. मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबल आवरायला गेले. काच गार होती.

कागद गरम होता.

पुन्हा हात लावून पाहिला. कपाळापाशी सगळ्यात जास्त.

नवरा दारात येऊन उभा राहिला. “काय झालं?”

“ताप आहे,” मी म्हणाले.

तो हसला नाही. “थांब, ओली पट्टी आणतो.”

“नको! शाई पसरेल.”

मग आम्ही दोघं दोन बाजूंनी बसून कागदावर हळूहळू फुंकर घालत राहिलो. पांघरूण वर-खाली होत होतं.

जरा वेळानं तिनं कूस बदलली आणि आमच्याकडे पाठ केली.

ठकीची पाठ मी कधीच काढली नव्हती. फ्रॉकच्या गळ्यातून मानेखालचे मणके दिसत होते. शेवटी शेवटी तिला अंघोळ घालताना माझ्या बोटांना लागायचे, तसेच.