विदादच्या खोलीचं दार

बातमी आली त्या दुपारी मी मसूर निवडत होते. मोठ्या उपासाचे दिवस. दूध, अंडी, मांस काहीच चालत नाही, म्हणून मिन्या शहरातल्या आम्हा ख्रिस्ती घरांमध्ये रोज मसूर. यंदा खडे फार आहेत, अशी आईची कुरकुर चालली होती. तेवढ्यात विदादच्या सासरच्या शेजारणीचा फोन आला. विदाद गच्चीवर कबुतरांना दाणे घालताना खाली पडली, एवढंच तिने सांगितलं. कुठल्या दवाखान्यात नेलंय, असं मी विचारलं. आता दवाखाना कशाला, म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

विदाद माझी धाकटी बहीण. हा उपास लागेपर्यंत वर्षभर ती आमच्याकडेच राहत होती, अंगणाकडच्या खोलीत. तिचा नवरा जाखिर तिला मारायचा, गच्चीवर कोंडून ठेवायचा. आमच्या धर्मात घटस्फोट मिळत नाही. ती आमच्या धर्मगुरूंकडे, अबूना सेरापियन यांच्याकडे जायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि प्रत्येकाने आपला क्रूस उचलावा, असं सांगून परत पाठवायचे. जाखिर त्यांचा मुख्य गायक. रविवारी पांढरा झगा घालून वेदीपाशी गायला लागला की बायका डोळे पुसायच्या. विदादही पुसायची. "ताई, आवाज देवाने दिला आणि हात द्यायचं काम सैतानावर सोपवलं," असं म्हणून हसायची.

उपास सुरू झाला तेव्हा अबूना स्वतः आमच्या घरी आले. मी शाळेत शिकवायला गेले होते. उपासात वैर ठेवू नये, म्हणाले, आणि विदादला बरोबर नेऊन जाखिरच्या दारात सोडून आले.

दफनाआधी बायका तिला आंघोळ घालत होत्या तेव्हा मी तिथे होते. तिच्या गळ्यावर बोटं उमटली होती. जाखिरच्या आत्याने चादर पटकन वर ओढली. पडलेल्या माणसाचं अंग काळंनिळं होतंच, मास्तरीणबाई, म्हणाली. पोलीस देवळाच्या फाटकापर्यंत आले होते. अबूनांनी त्यांना गोड बोलून परत पाठवलं. देवाच्या घरातल्या गोष्टीचा बोभाटा नको. मग प्रवचनात त्यांनी विदादला सहनशील पत्नीचा आदर्श म्हटलं. जाखिर गायला. मी पुढच्या बाकावर बसले होते.

आमच्यात मेलेल्याचा आत्मा तिसऱ्या दिवसापर्यंत घर सोडत नाही. त्या दिवशी अबूना येतात, माणूस राहत होता त्या खोलीत धूप फिरवतात, परातीतलं पाणी कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडतात आणि त्याला निरोप देतात. तोवर ती खोली झाडायची नाही, दार लावायचं नाही. आमच्याकडे या, असं मी कब्रस्तानातच अबूनांना विनवलं. त्यांनी मान हलवली. बाईचं घर म्हणजे नवऱ्याचं घर. तुमच्याकडे आलो, तर ती नवऱ्याला सोडून राहत होती हे मीच कबूल केल्यासारखं होईल, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खमसीन, वाळवंटातला वाळूचा वारा, सुटला. आभाळ आधी तांबूस झालं, मग मातकट, आणि भर दुपारी समोरची भिंत दिसेना. वीज गेली. मी दिवा लावला. आईने तरीही विदादच्या खोलीत परात भरून ठेवली होती, शेजारी एक भाकरी.

"तिकडचं उरकलं की येतील," ती म्हणाली.

"मला नाही वाटत."

"तुला काहीच वाटत नाही. भूगोल शिकवून शिकवून दगड झालीस."

वाळू खिडक्यांवर घासत होती. आम्ही दोघी दिव्यापाशी बसलो होतो. हळूहळू एक वास यायला लागला. कबुतरांच्या विष्ठेचा, ओल्या पिसांचा. आमच्याकडे कबुतरं कधीच नव्हती. वास अंगणाकडच्या खोलीतून येत होता.

आई ताठ बसली. नाव न घेता, अगदी हलकेच म्हणाली, "जेवलीस का गं…?"

आत परातीतलं पाणी हललं. कुणीतरी ओंजळ भरून घ्यावी, तसा आवाज.

मी उठणार तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. दारात अबूना सेरापियन होते. दाढी वाळूने पिवळी झालेली, धूपाटणं झग्याखाली लपवलेलं. ते तुटक तुटक सांगत गेले. जाखिरकडे धूपाटण्यातले निखारे पुन्हा पुन्हा विझले. पाणी शिंपडायला परातीत हात घातला, तर परात कोरडी. आत्ताच तर सगळ्यांसमोर भरली होती…

"ती… इथे आहे?"

"ती इथेच राहत होती, अबूना."

आता इथे प्रार्थना करतो, म्हणाले. मात्र दिवा बारीक करा, खिडक्या लावलेल्याच असू देत, बाहेर कुणाला कळता कामा नये. आई रडत त्यांचा हात ओठांना लावायला वाकली. मी खोलीच्या दारात आडवी उभी राहिले.

"खिडक्या मी उघडते," मी म्हटलं. "ती या घरात का राहत होती, ते गल्लीला ऐकू जाईल असं सांगा. मग आत जा."

"देवळाची अब्रू आहे, बाई…"

"क्रूस तिने उचलायचा, आणि खिळे ठोकणाऱ्याने वेदीपाशी गायचं. ही कुणाची अब्रू, अबूना?"

आईने माझे पाय धरले.

"सोड गं हट्ट. मेलेल्या पोरीवरून कसला हट्ट? अशी किती दिवस भटकेल ती? जाऊ दे तिला… माझ्यासाठी जाऊ दे."

मी बाजूला झाले.

अबूनांनी पाऊल उचललं आणि दार लागलं. आपटलं नाही. सावकाश, आतून कुणीतरी तळहात टेकवून लोटावं, तसं. मग लोखंडी अडसर सरकल्याचा खरखरीत आवाज आला. अबूना दाराला हात लावून पुटपुटू लागले. धूपाटण्यातले निखारे काळे पडले. आत पंख फडफडले. एका पाखराचे नव्हेत, पुष्कळ पाखरांचे.

"विदाद… पोरी, उघड," ते म्हणाले.

फडफड एकदम थांबली. आत कुणीतरी उभं राहून ऐकत असावं, अशी शांतता पसरली. अबूना मागच्या मागे सरकत अंगणात गेले आणि वाळूत दिसेनासे झाले.

वादळ उतरल्यावर सुतार बोलावला. त्याने बिजागऱ्या काढल्या, तरी दार चौकटीतून हललं नाही. आतली कडी कुठे आहे, असं त्याने विचारलं. त्या दाराला आतून कडी नाही, अडसर नाही. कधीच नव्हता.

ईस्टर होऊन गेला. जाखिर अजून वेदीपाशी गातो. अबूना रोज संध्याकाळी मागच्या गल्लीने येतात आणि धूपाटणं न पेटवता त्या दारासमोर उभे राहतात. दिवसागणिक वाळत चाललेत. आई त्यांच्याकडे आशेने बघते. मी गल्लीकडच्या सगळ्या खिडक्या उघडते. बाहेर माणसं असतात, पोरं खेळत असतात. अबूना तोंड उघडतात, खिडकीकडे बघतात आणि पुन्हा मिटतात. मग आतून, दाराला अगदी लागून, कुणीतरी श्वास सोडल्याचं आम्हा तिघांनाही ऐकू येतं.

विदादच्या तिसऱ्या दिवसाची प्रार्थना अजून झालेली नाही.