विहिणींचं टेबल

फावडंभर बर्फाचा चुरा माझ्या नव्या सँडलवर ओतून तो म्हणाला, "वाटेत उभं नाय राहायचं."

"मी सुपरवायझर आहे," मी फाईल छातीशी धरली. "आजपासून."

"मंग तर बिलकुल नाय राहायचं."

डोळे हसले की नाही, कळलं नाही. बर्फाच्या पांढऱ्या वाफेत माणूस धड दिसतच नव्हता. गळ्यातल्या कार्डावर मात्र नाव दिसलं, तुळशीराम.

"एवढ्या तरण्या माणसाचं नाव तुळशीराम?"

"आज्याचं हाय. वापरलेलं... पन टिकाऊ."

आणि गाडा ढकलत तो गेला. माझी बोटं गारठली होती, कान मात्र का तापले होते?

सन शहाण्णवचा ऑक्टोबर. तुर्भ्याचा कोळंबी सोलायचा कारखाना. गेल्या आठवड्यापर्यंत मी हजेरीपटावर नावं लिहीत होते, आज वीस बायकांची मॅडम. साहेबांनी दोन दिवसांचं शिबिर करवून फाईल हातात दिली होती, 'माणसं कशी सांभाळावी'. वर बजावलं होतं, "शनिवारी कंटेनर भरून बंदरात गेला पाहिजे. नाहीतर रुतिका, पुन्हा हजेरीपट."

फाईलीत लिहिलं होतं, शिस्तीने बसवा, स्पष्ट बोला. मी हजेरीच्या नंबराप्रमाणे बायका समोरासमोर बसवल्या. एकीने कोळंबीचं डोकं काढायचं, टब समोर सरकवायचा. दुसरीने साल सोलायची. किती सोपं! पण दुपारपर्यंत मधल्या टेबलावर टबांचा डोंगर झाला. उरणजवळच्या मोरा गावच्या गोजरामावशी डोकी काढत होत्या, टब मात्र पुढे सरकत नव्हता. समोर आमच्या कोपरखैरणे गावच्या पुतळामावशी रिकाम्या हातांनी छताकडे बघत होत्या.

"मावशी, टब सरकवा ना!"

"सरकवते," गोजरामावशी म्हणाल्या. टब हलला नाही.

मंगळवारी मी समजावलं. बुधवारी ओरडले. गुरुवारी सगळ्या टेबलांवर शांतता पसरली, बर्फ वितळल्याचा थेंब ऐकू येईल अशी. मी फाईल पुन्हा पुन्हा उलटली. त्यात या शांततेवर काही नव्हतं.

तुळशीराम दर तासाला बर्फ आणायचा. नको असला तरी. माझ्याकडे बघायचा, काहीतरी बोलेल असं वाटायचं... आणि मग "बर्फ" एवढंच म्हणायचा. वाट बघत असल्यासारखा. कसली? माझ्या फजितीची? एक दिवस तर त्याने चक्क विचारलं, "काय मंग? काय ठरलं?"

"कशाचं?"

त्याचा चेहरा पडला. "नाय... काय नाय." गाडा घेऊन गेला. मी वेड्यासारखी त्या चाकांच्या ओल्या रेघांकडे बघत राहिले. हा रागावला की मी काही विसरले?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शेवटी मीच त्याला अडवलं. "माझं काय चुकतंय, ते तरी सांग."

"गोजरामावशीची लेक पुतळामावशीच्या घरात दिलीय. लग्नात पुतळामावशीला दिलेली मानाची साडी विटकी निघाली. दोन वर्स झाली, विहिनी एकमेकींशी बोलत नाय. आन् तू त्यांना समोरासमोर बसवलंस!"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तू इचारलंस कवा? तू तर निस्ती सांगत होतीस."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. दोन्ही गोष्टी एकदम लागल्या... कुठली जास्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवारी मी फाईल कपाटात ठेवली, एप्रन बांधला आणि दोघींच्या मधोमध बसले.

"मला शिकवा."

पहिल्याच कोळंबीचा काटा बोटात घुसला. सगळं टेबल खुदखुदलं.

"अशी धर, पोरी," गोजरामावशी म्हणाल्या.

"तशी नको, अशी," पुतळामावशींनी माझाच हात ओढला.

गोजरामावशींनी माझ्याकडे बघत, पण ऐकू जाईल असा सूर धरला:

*विहीनबाई रुसली गो, बसली मांडवाच्या दारी,*
*साडी नको म्हनते, हिला जाळं नेसवा भारी!*

आता भांडण पेटणार! पुतळामावशींनी पदर खोचला, घसा खाकरला...

*जाळं नेसीन मी गो, मी दर्याची लेक,*
*तुझ्या साडीला भोकं शंभर, माझ्या जाळ्याला एक!*

वीस बायका एकदम फुटल्या. हसताहसता गोजरामावशींनी डोळे पुसले आणि टब सरकवला. सरळ. माझ्या पुढ्यातून, पुतळामावशींकडे.

शनिवारी चार वाजता कंटेनर निघाला. साहेब म्हणाले, "सुपरवायझर कायम." मी आनंदाने वळले, तर तुळशीराम दारातून निघून जात होता. मी धावले.

"अभिनंदनसुद्धा नाही? आठवडाभर माझ्यावर कसला राग काढतोयस?"

"राग? मी जबाबाची वाट बघतोय!"

"कसल्या जबाबाची?"

तो गोंधळला. "मी... सोमवारीच आमच्या गावच्या गोजरामावशीला सांगितलं. आमच्यात मोठी बाईच निरोप नेते. तुज्या घरी जायचं तर तुज्या गावची पायजे, म्हनून ती पुतळामावशीला सांगनार, पुतळामावशी तुज्या आईला... निरोपापुरत्या तरी त्या बोलतील, म्हनलं."

मी मनातल्या मनात ती साखळी जुळवली. मग मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं.

"सहा दिवस! दोन विहिणींमध्ये अडकून!"

"हसू नको ना... मना वाटलं, तुजा नकारच हाय."

"निरोप काय होता? आता तू सांग."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. मान खाली घातली. वीस बायकांना मी बोलतं केलं होतं, हा तर एकटाच.

"बरं," मी म्हटलं, "मग मीच विचारते. तुळशीराम, मला तू हवा आहेस. तुला मी...?"

"व्हय," तो इतक्या घाईने म्हणाला की माझं वाक्य अर्धंच राहिलं.