फोनला पहिला मान

तिने त्याचे आधी पाय पाहिले. तोंड नंतर, बऱ्याच वेळाने.

हातात कागदाचा गठ्ठा, खांद्याला पर्स, दातांत किल्ली अशा थाटात ती आत्याच्या ऑफिसात शिरली, तर तिच्याच टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा.

"कोण आहे खाली?"

"फोनवाला. जपून हं, वायरवर पाय देऊ नका."

"माझ्याच टेबलापाशी मी जपून चालायचं होय?"

"दोन मिनिटं. मग टेबल तुमचं, वायर माझी."

हा त्यांचा पहिला संवाद. त्यात प्रेमाबिमाचं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आत्याचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक आत्या. मासिकांची पानं इथे तयार व्हायची आणि फोनच्या तारेतून गावाच्या दुसऱ्या टोकाला छापखान्यात जायची. पानं निघाली की फोन मुका. गिऱ्हाइकं वैतागायची. म्हणून आत्याने नवी आयएसडीएन लाइन घेतली आणि तिच्याबरोबर हा डबा आला, जाड पुस्तकाएवढा, चार दिव्यांचा. आता एका तारेत दोन वाटा होत्या. एकीवरून पानं, दुसरीवरून बोलणं. घाई असेल तर दोन्हींवरून पानंच. कुणी कुणासाठी बाजूला व्हायचं, हे मात्र डब्याला शिकवावं लागायचं.

फोनवाला टेबलाखालून बाहेर आला. केसांत जळमट, चेहऱ्यावर हसू. रिसीव्हर कानाला लावून तो बटणं दाबायला लागला.

"दोन्ही वाटांवरून पानं चाललीत आणि मधेच फोन आला, तर पहिला मान कुणाला?"

"पानांना," आत्या म्हणाली.

"फोनला," भाची म्हणाली.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. भाचीने कागदाचा गठ्ठा उगाचच सरळ केला. आत्या चहा टाकायला आत गेली, तशी ती हळूच म्हणाली, "फोनलाच द्या. मला एक फोन यायचाय."

"कुणाचा?"

"डब्याला ते सांगावं लागतं?"

"डब्याला नाही... मला."

"मग तर मुळीच नाही सांगत."

पण सांगितलं तिने. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. दूरच्या शहरात अक्षरांचे साचे काढणारी एक मोठी कंपनी होती. नवी अक्षरं, नवी वळणं, दिवसभर तेच काम. तिची मुलाखत झाली होती. या आठवड्यात फोन येणार होता. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. आत्यानेच तिला वाढवलं, आत्यानेच कामाला लावलं; आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी चालले?

"येईल फोन," तो म्हणाला. "आता कॉम्प्युटर मुकाट्याने वाट सोडेल. आणि हे बघा, पाच घंट्यांत कुणी उचलला नाही, तर तो दुसरीकडे वळवताही येतो."

"कुठे वळवणार? आम्ही दोघी इथेच तर असतो."

"बघतो तरी, वळतोय का ते."

आता, सगळ्या फोनवाल्यांची एक खोड असते. फोन वळवून बघायचा तर ते आपल्या टेबलाचा नंबर घालतात. तिकडे घंटी वाजली की काम फत्ते, मग तो नंबर पुसायचा. यानेही नंबर घातला, तिकडे घंटी वाजली. आता पुसणार, इतक्यात तिने विचारलं, "तुमचे मोजे रोज असेच असतात, की आज काही विशेष?"

त्याने पायांकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला आणि मग असा काही हसला की तीही हसली. नंबर पुसायचा राहून गेला. हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो डबा तपासायला आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी आत्याने दारातच विचारलं, "अहो, बिघडलाय कोण? डबा की तुम्ही?"

"डबा ठीक आहे," तो म्हणाला.

भाचीने मान खाली घातली. त्याचं येणं तिला आवडत होतं, यात शंका नको. पण जी पोरगी निघायच्या तयारीत आहे, तिने असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नये, असं तिने ठरवलं होतं. त्याप्रमाणे ती रोज निष्ठेने लक्ष देत नव्हती, आणि रोज त्याच्या येण्याच्या वेळी केस विंचरत होती.

शुक्रवारी सकाळी छापखान्यात काही पानं उलटी लागली, म्हणून दोघींना तिकडे धावावं लागलं. परतायला दुपार झाली. आल्या आल्या आत्याने ऑफिसातला एकुलता एक फोन हातात घेतला आणि धाकट्या बहिणीशी बोलायला बसली. डब्याच्या दोन वाटा झाल्यापासून तिला बोलण्याचं काही बंधनच उरलं नव्हतं. मधे दुसरा फोन आल्याची टुकटुक वाजली, तरी आत्या ऐकेल तर शपथ.

थोड्या वेळाने फोनवाला आला. आज पिशवी नव्हती. दारातूनच त्याने भाचीला खुणेने जिन्यात बोलावलं.

"तुमचा फोन आला होता."

"कधी? आम्ही तर बाहेर..."

"इथे वाजला. कुणी उचलला नाही, म्हणून माझ्या टेबलावर आला. त्या दिवशी मी माझा नंबर पुसायचा विसरलो. चूक माझी आहे."

तिचा चेहराच उतरला. "आमचे फोन तुमच्याकडे येत होते?"

"आजच. दोन आले. एक शिंप्याचा. पडदे शिवून झालेत."

"आणि दुसरा?"

"तुमची निवड झालीय. त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत होकार हवाय, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी घेतील." कंपनीचा नंबर त्याने पाठच केला होता. दोनदा म्हणून दाखवला.

तिने घड्याळ पाहिलं. वेळ होता, पण थोडाच. आनंद झाला तो झाला, त्याच्या मागोमाग संताप आला.

"फोन सकाळी आला ना? मग इतका वेळ काय करत होतात?"

तो कठड्याकडे बघत राहिला. "आत्ता लावत होतो. कुणी उचलेचना..."

"आत्ताचं नाही विचारत. सकाळपासून?"

"न सांगायचं ठरवत होतो."

ती एक पायरी मागे सरकली.

"तुम्हाला कधीच कळलं नसतं," तो म्हणाला. "मी येऊन नंबर पुसला असता, झालं. तुम्ही इथेच राहिला असतात... डबा अधूनमधून बिघडला असता. चार तास मी तेच ठरवत बसलो होतो. नाही जमलं."

ती तडक आत गेली. आत्या अजून बोलतच होती.

"आत्या, फोन हवाय."

"थांब गं, महत्त्वाचं चाललंय."

"आत्या... मला नोकरी लागलीय. दूर. आत्ताच हो म्हणायला हवं." सगळं एका दमात बोलून टाकलं.

आत्याने रिसीव्हर कानावरून खाली घेतला. पलीकडून बहिणीचं "हॅलो, हॅलो" ऐकू यायला लागलं. मग आत्या रिसीव्हरमध्ये म्हणाली, "ठेव आता. आमच्या पोरीला नोकरीचा फोन करायचाय." आणि पदराने डोळे पुसून भाचीवर ओरडली, "बघतेस काय माझ्याकडे? लाव की!"

भाचीने फोन लावला. हो म्हणाली. पलीकडच्या माणसाने अभिनंदन केलं, कधी येणार विचारलं, तिने सांगितलं. सगळं मिळून तीन-चार वाक्यं झाली असतील. आत्याने तिला जवळ घेतलं आणि लगेच दूर ढकललं, "जा, तोंड धू."

ती तोंड धुवायला गेली नाही. जिन्यात गेली. तो अर्धा जिना उतरला होता.

"थांबा."

तो थांबला. "झालं काम?"

"झालं. पुढच्या सोमवारी जाणार. त्यात आता बदल नाही."

"बदलू पण नका." त्याने हसायचा प्रयत्न केला. "तुम्ही रागावलाय ना?"

"रागावलेय. चांगलीच रागावलेय." ती दोन पायऱ्या उतरली. "आणि तुम्ही मला आवडता. हे आत्ताच सांगून टाकते. मला चार तास लावायचे नाहीत."

फोनवाला मटकन पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. आतून आत्याने हाक मारली, पानं अडली होती. दुसरी हाक आली, तिसरीही आली. ती उठली नाही.