हा अंक नव्हे

गुरुजींनी इंग्रजीत टंकलेला अर्ज मेजावर ठेवला आणि त्याची घडी तळहाताने सपाट केली. ज्याचा मुलगा नऊ दिवसांपूर्वी कारखान्यातील दाबपात्राच्या स्फोटात गेला, त्या पित्याचा हात इतका स्थिर कसा, याचे खाजगी अन्वेषक दाजींच्या मेहुण्यांना नवल वाटले.

"मारेकरी मला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "माझी मुलगी. दाबपात्राच्या संगणकाची आज्ञावली तिनं लिहिली. तुम्ही फक्त पुरावा आणा. तिला बेड्या पडलेल्या मला बघायच्यात."

दाजींनी अर्ज उजेडात धरला. "टंकयंत्र जुनं दिसतंय."

"कॉलेजात होतो तेव्हाचं. बोटं आपोआप चालतात."

दाजींनी अर्ज मेहुण्यांकडे सरकवला. मेहुणे म्हणजे दाजींच्या पत्नीचे बंधू. कचेरीत चाळीस वर्षे टंकलेखन करून निवृत्त झालेले. तारखेतले एकचे दोन्ही आकडे त्यांना किंचित लांबट भासले. परंतु त्यांच्या नोकरीच्या काळात सगळेच एक असे उमटत, म्हणून ते काही बोलले नाहीत.

कारखान्याच्या यंत्रखोलीत व्यवस्थापक घाम पुसत होता. "दाब मर्यादेच्या दीडपट चढला, तरी झडप उघडली नाही. भोंगाही वाजला नाही. त्या म्हाताऱ्याची ती मोठ्या संख्यांची लायब्ररीच कुचकामी!"

शेकडो अंकी संख्यांचे अचूक गणित करणारी ती लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच, रचण्यात गुरुजींची वीस वर्षे गेली होती.

"गणितात हातानं काय भरावं लागतं?" दाजींनी विचारले.

"सुधारणांक, म्हणजे दाबाच्या मापातली चूक भरून काढणारा आकडा. रोज सकाळी. हा त्या दिवशीचा छापील कागद. भरला चालकानं, म्हणजे गुरुजींच्या मुलानंच."

"त्याची तब्येत?"

"उजवा हात आदल्या दिवशी भाजलेला, डाव्याचं मनगट मुरगळलेलं. दोन्हीकडे पट्ट्या, तरी कामावर हजर! गुरुजी औषध घेऊन आले, अर्धा तास जवळ बसले. नशीब बलवत्तर, आधीच निघाले."

"आणि मुलगी?"

"बाळंतपणाच्या रजेवर. आज्ञावलीची मांडणी या खोलीत बसूनच बदलता येते. घरून हात पोचत नाही."

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने प्रश्नांची उत्तरे आवाज न चढवता दिली.

"लायब्ररीच्या दोन रीती आहेत. अंकाच्या जागी अक्षर आलं, तर कडक रीतीत ती काम थांबवते, भोंगा वाजवते आणि सांगते, 'हा अंक नव्हे.' मौन रीतीत मात्र 'अंक नव्हे' ही खूणच उत्तर म्हणून पुढे ढकलते. मग बेरीज करा, गुणाकार करा, शेवटी हाती तीच खूण."

"आणि झडप?"

"झडप विचारते, दाब मर्यादेपेक्षा जास्त आहे का? जो अंकच नव्हे, तो कशाहून जास्त असणार? उत्तर येतं, नाही."

"म्हणजे कमी आहे!" मेहुणे उत्साहाने म्हणाले.

"कमी आहे का विचारलंत, तरी उत्तर नाहीच येतं, काका."

"अजब कारभार!"

"मौन रीत कोणी लावली?" दाजींनी विचारले.

तिने बाळाचे टोपडे सारखे केले. "मी. लिहून घ्या."

बाहेर पडताच मेहुणे म्हणाले, "कबुली मिळाली, दाजी. चला, सुटलो!"

"तुम्ही सुटाल हो. बाळंतीण घरात बसून त्या खोलीतली कळ कशी फिरवते, तेवढं मला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी सर्वांना यंत्रखोलीत बोलावले. मुलीला पाहताच गुरुजींनी मान फिरवली. दाजींनी छापील कागद आणि अर्ज शेजारी शेजारी मांडले.

"मेहुणे, जुन्या इंग्रजी टंकयंत्रावर एकची कळ कुठे असते?"

"अनेक यंत्रांवर नसायचीच. धाकटा 'एल' दाबायचो. दिसायला सारखाच—" मेहुणे अर्जावर वाकले.

"सारखाच. माणसाला सारखा, लायब्ररीला नाही. या सुधारणांकात एकच्या जागी एल आहे, या अर्जातही एलच आहे. मुलाचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. शेजारी एकच माणूस बसला होता, आणि त्याची बोटं आपोआप चालतात. लायब्ररी तेव्हा कडक होती. ती ओरडली असणार. कोणीतरी तिचं तोंड दाबलं."

व्यवस्थापकाने गुरुजींकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

"भोंगा वाजला," गुरुजी म्हणाले. "माझीच लायब्ररी मला सांगते, हा अंक नव्हे! तीस वर्षं पोरांना अंक शिकवले मी. म्हटलं, गप्प बस, आणि मौन रीत लावली."

"दादाचा फोन आला होता," मुलगी म्हणाली. "हसत होता. म्हणाला, बाबांनी यंत्राला दटावून गप्प केलं. मलाही वाटलं, बाबांनी हात लावला, म्हणजे ठीकच असणार. नंतर स्फोटाची बातमी आली."

"मग बोलली का नाहीस?" गुरुजींनी विचारले.

"तुम्ही विचारलंत कुठे? घराच्या दारातच निकाल सांगितलात. वाटलं, मुलगा तर गेलाच. निदान हे तरी तुम्हाला कळू नये. पुरावा तुम्हीच मागवलात."

दाजींनी कागद गोळा केले. अर्जाची घडी सपाट करायला गुरुजींनी तळहात पुढे केला, पण मेज रिकामे होते.

"मी त्याला मारलं का गं?"

"नाही."

गुरुजींनी मान वर केली. चेहऱ्यावर क्षणभर आशा उमटली.

"म्हणजे मी निर्दोष आहे?"

मुलीने बाळाला खांद्यावर घेतले, दुपट्याने त्याचे तोंड झाकले आणि दाराकडे वळली.

"नाही, बाबा."